आरडी ३५०ला इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. आता '२ मिमी' मोजायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८६ची राजदूत ३५०, म्हणजे आपल्याकडे बनलेली यामाहा आरडी ३५०, त्यातली कमी ताकदीची 'लो टॉर्क'. पॉइंट (स्पार्क पाडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं सेकंडहँड किट बसवलंय, सोबत माहितीचा कागद नाही. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून पिकअपची (स्पार्कचा इशारा देणाऱ्या कॉइलची) प्लेट डावी-उजवी फिरवत कानाने टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, लावून दिलं. गाडी पहिल्या किकला चालू होते, आयडलिंग सुरेख आहे. पण खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि डावा प्लग पांढराफटक निघाला, त्यावर बारीक चंदेरी ठिपके. विचारलंय, 'टायमिंग २ मिमी ठेवू की कमी करू?'

आकड्याचं नंतर बोलू. ते चंदेरी ठिपके म्हणजे तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तेव्हा आजपासून गाडी चढाला नेऊ नका, हायवेला ताणू नका. सायलेन्सरचा पाइप सोडून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि रिंगा बघा. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथा बघा. कडेला, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला, वाळूने घासल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर नॉकिंगने (मिश्रण स्वतःहून फटकन पेटण्याने) काम सुरू केलंय. खड्डे हलके असतील आणि रिंगा मोकळ्या असतील तर तेच पिस्टन पुढे चालतं. कड खचली असेल तर हेड उघडावंच लागेल, मग टायमिंगचा विषय त्यानंतरचा.

खरा घोटाळा कानाने लावण्यात आहे. मिस्त्रींची चूक म्हणण्यापेक्षा पद्धतीचा दोष म्हणा. आयडलिंगला सिलेंडरमध्ये ताजा चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) कमी आणि आधीचा जळका वायू जास्त असतो, त्यामुळे आग सावकाश पसरते. अशा वेळी स्पार्क जितका लवकर पडेल तितकं इंजिन खूश: आरपीएम चढतो, आवाज गोल होतो, थ्रॉटलला लगेच प्रतिसाद मिळतो. प्लेट फिरवणारा माणूस साहजिकच सर्वांत गोड आवाजापाशी थांबतो. ती जागा आयडलिंगला बरोबर असते, आणि चढाला पूर्ण थ्रॉटलवर पाच-सहा अंशांनी जादा ॲडव्हान्स, म्हणजे लवकर, असते. पूर्ण चार्ज भरभर जळतो, पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढायला लागतो आणि उरलेला चार्ज स्वतःहून पेटतो. तुमचा खिळ्यांचा आवाज तोच. पहिल्या किकला चालू होणं आणि सुरेख आयडलिंग यांना टायमिंग बरोबर असल्याचं प्रमाणपत्र समजू नका. कधीकधी ते उलट लक्षण असतं.

आता २ मिमीचं. यामाहाच्या आरडी ३५०चा आकडा २.० मिमी आहे, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाच्या २ मिमी खाली असताना स्पार्क. या इंजिनचा स्ट्रोक ५४ मिमी आणि कनेक्टिंग रॉड ११० मिमी, त्या हिशोबाने २.० मिमी म्हणजे क्रँकचे २० अंश. १.८ मिमी म्हणजे १९, आणि २.२ मिमी म्हणजे २१. या पट्ट्यात एक अंश म्हणजे ०.२ मिमी, एवढं लक्षात ठेवलं की कोष्टक लागत नाही. हे गणित आरडीपुरतंच. येझदीचा स्ट्रोक ७५ मिमी आहे, तिला हे आकडे लावू नका.

पॉइंट असताना हा आकडा बंद इंजिनवर लावला की काम संपायचं, कारण आरडीला ऑटो ॲडव्हान्स नाही. बंद असताना जिथे पॉइंट उघडतो, जवळजवळ तिथेच तो चालू इंजिनमध्येही उघडतो. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये हा भरवसा नाही. काही किट फिक्स टायमिंगची असतात. काहींच्या इलेक्ट्रॉनिक बॉक्समध्ये कर्व्ह, म्हणजे वेगानुसार बदलणारा ॲडव्हान्स, भरलेला असतो: किकला कमी, ३-४ हजार आरपीएमला सर्वांत जास्त, त्यापुढे पुन्हा कमी. फिक्स म्हणवणारी किटसुद्धा पूर्ण फिक्स नसतात. समजा बॉक्स सिग्नल मिळाल्यावर ५० मायक्रोसेकंद उशिरा स्पार्क टाकतो. १,५०० आरपीएमला हा उशीर अर्ध्या अंशाहून कमी असतो, ६,००० आरपीएमला तोच जवळपास पावणेदोन अंश होतो. शिवाय साधी पिकअप कॉइल असेल तर वेग वाढला की सिग्नल जोरकस होतो आणि बॉक्स जरा लवकर जागा होतो, म्हणजे उलट दिशेने सरक. तुमच्या किटमध्ये यातलं काय चाललंय ते बॉक्सकडे बघून कळणार नाही, आणि कागद नाही म्हटल्यावर मोजण्याला पर्याय उरत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: २.० मिमी ही किटच्या सर्वांत पुढच्या ॲडव्हान्सची कमाल मर्यादा धरा, आणि सुरुवात १.८वर करा. बंद इंजिनवर प्लेट कुठे बसते याला महत्त्व नाही. स्ट्रोब लाइटखाली (स्पार्कबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्यात) रोटरवरची, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या चाकावरची, खूण जिथे सर्वांत पुढे जाते, तिथे ती १.८ला दिसली पाहिजे.

पण टायमिंगला हात लावण्याआधी डाव्या प्लगचं कोडं सोडवा. दोन्ही प्लग पांढरे असते तर मी सरळ टायमिंग किंवा जेटकडे (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राकडे) गेलो असतो. फक्त डावा पांढरा असला की आरडीमध्ये पहिला संशय डाव्या क्रँक सीलवर, म्हणजे क्रँकच्या टोकाशी हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर. उजव्या बाजूचं सील प्रायमरी गिअरच्या बाजूला, गिअर ऑइलमध्ये असतं. ते गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि उजव्या सायलेन्सरमधून ढगासारखा धूर निघतो, म्हणजे बोंब लगेच उठते. डावं सील कोरडं, मॅग्नेटच्या मागे. ते गेलं तर इंजिन गुपचूप हवा ओढतं, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि पिस्टन जळेपर्यंत काही कळत नाही. जुन्या गाडीत ते वयानेच कडक झालेलं असतं.

ते तपासायची खात्रीची पद्धत म्हणजे दाब देऊन बघणं. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बूच किंवा प्लेट लावून बंद करायचे, प्लग घट्ट, आणि हातपंपाने फक्त ६ पीएसआय हवा भरायची. त्यापेक्षा जास्त भरलीत तर चांगलं सीलही उलटेल. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: डावं सील, सिलेंडरखालचं पॅकिंग, रीड ब्लॉकचं (इनटेकच्या झडपांचं) पॅकिंग, कार्बोरेटरचं रबर. कार्बोरेटरच्या रबराला वरून तडा दिसत नाही, वाकवून बघावं लागतं. आणि ऑइल पंपाकडून डाव्या सिलेंडरला जाणाऱ्या नळीत हवेचा बुडबुडा नाही ना तेही एकदा पाहा.

पेट्रोलचाही हिशोब आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला १३.५च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप सात-आठ टक्के लीन झाली. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, हे खरं. पण लीन मिश्रणाने पिस्टन तापतो आणि तो फायदा तिथेच संपतो. गळती नसल्याची खात्री झाल्यावर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघणं रास्त. हाय टॉर्कवाल्या मित्राच्या गाडीतला नंबर उचलू नका, पोर्ट वेगळे आहेत.

हे झालं की टायमिंग. लागणारं सामान: ०.०१ मिमीचा डायल गेज, तो १४ मिमीच्या प्लगभोकात बसवायचा अडॅप्टर, फेलर गेज (फट मोजायच्या पत्र्या), पांढरा रंग आणि बारीक ब्रश, आणि वायरवर चिमटा लावायचा स्ट्रोब लाइट. व्हर्नियर किंवा स्पोक घालून अंदाज घेणाऱ्यांनी एक अंश म्हणजे ०.२ मिमी हे पुन्हा वाचावं.

दोन्ही प्लग काढा, गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअर टाका. क्रँक पुढच्या चाली फिरवायचा तो मागचं चाक हाताने पुढे फिरवून. डाव्या बाजूचा बोल्ट पान्याने फिरवू नका. डावीकडून बघताना आरडीचा क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणजे पान्याने पुढे फिरवायला गेलात तर तो बोल्टच ढिला होतो आणि रोटर जागचा हलतो. मग सकाळपासून लावलेलं सगळं पाण्यात.

कव्हर उघडंच आहे तर रोटर हाताने हलवून बघा. वर-खाली झोल जाणवला तर मेन बेअरिंग संपलंय. अशा इंजिनवर कोणतंही टायमिंग स्थिर राहणार नाही. किटचा रोटर क्रँकच्या पिनमध्ये किंवा खाचेत नीट बसलाय का तेही बघा. नुसता बोल्टच्या दाबावर धरलेला रोटर कधीतरी घसरतोच. मग पिकअप आणि रोटरमधली फट. बऱ्याच किटमध्ये ती अर्ध्या मिमीच्या आसपास असते. पूर्ण फेरीत ती सारखी राहिली पाहिजे. एका बाजूला ०.४ आणि दुसऱ्या बाजूला ०.७ आली तर रोटर वाकडा बसलाय किंवा क्रँकचं टोक वाकलंय.

डायल गेज डाव्या सिलेंडरमध्ये सरळ बसवा, तिरका बसला तर माप फसवं येतं. चाक हळूहळू फिरवत पिस्टन वर आणा. सुई जिथून मागे फिरते तिथे शून्य लावा. इथे एक गंमत आहे: वरच्या टोकापाशी क्रँक दोन अंश फिरला तरी सुई जेमतेम ०.०२ मिमी हलते. म्हणून शून्याची जागा अंशांमध्ये नेमकी सापडली नाही तरी मिमीच्या मापात फरक पडत नाही. अंशाची चकती वापरणाऱ्यांचं मात्र इथेच चुकतं. आता चाक मागे फिरवून पिस्टन सुमारे ४ मिमी खाली न्या आणि पुढच्या दिशेनेच परत येत १.८० वर थांबा. मागून येताना चुकून पुढे गेलात तर तिथूनच मागे सरकू नका, परत ४ मिमीपर्यंत जाऊन या. नाहीतर बेअरिंग आणि साखळीचा सगळा ढिलावा मापात येतो.

या जागी केसिंगवरच्या एका पक्क्या टोकासमोर रोटरवर बारीक पांढरी रेघ मारा. आणखी ०.२ मिमी मागे, म्हणजे पिस्टन २.० मिमी खाली असताना, त्याच टोकासमोर दुसरी रेघ, वेगळ्या रंगाची. मग गेज उजव्या सिलेंडरमध्ये घालून हेच पुन्हा. आरडीचा क्रँक १८० अंशांचा आहे, त्यामुळे उजव्याच्या रेघा डाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला यायला हव्यात. रेघ केसाएवढी असू द्या. जाड रेघेतच एक अंश लपतो.

आता पिकअपच्या वायरी. जुन्या किटमध्ये कोणीतरी कधीतरी जोड मारलेला असतो, आणि पिकअप कॉइलच्या दोन वायरी उलट लागल्या तरी गाडी चालू होते! फक्त रोटरच्या दातऱ्याच्या पुढच्या कडेऐवजी मागच्या कडेला स्पार्क पडतो, किंवा उलट. लक्षण असं की टायमिंग दातऱ्याच्या रुंदीइतकं चुकतं आणि वेगाबरोबर विचित्र सरकतं. प्लेट एका टोकाला नेऊनही खूण जुळत नसेल तर खाच कानशीने लांबवायच्या आधी या दोन वायरी अदलाबदल करून बघा.

प्लग साध्या बी८एचएस वर्गाचे, किंवा त्याच मापाचे रेझिस्टरवाले. 'एचएस'मधल्या एचचा अर्थ आट्यांची लांबी १२.७ मिमी. दुकानदार कधीकधी १९ मिमीवाला 'ईएस' काउंटरवर ठेवतो. तो या हेडमध्ये घालायचा नाही. प्लग किंवा टोपी, दोन्हीपैकी एकात तरी सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर स्पार्कचा आवाज बॉक्समध्ये घुसून तो भलत्याच वेळी स्पार्क टाकतो. पॉइंटला याची फिकीर नव्हती. आणि किक मारताना प्लग वायरीला लावून हेडवर टेकवलेले असू द्या. उघड्या वायरीवर किक मारून बरेच चांगले बॉक्स मेलेत.

स्ट्रोबचं काम मोकळ्या हवेत, समोर मोठा पंखा लावून. उभ्या गाडीला वारा नसतो, म्हणून एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त नको. स्ट्रोबला वीज शक्यतो वेगळ्या बॅटरीवरून द्या. त्यावर ॲडव्हान्सची डायल असेल तर ती शून्यावर. असे लाइट फोर स्ट्रोकच्या हिशोबाने, दोन फेऱ्यांना एक स्पार्क धरतात. टू स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्पार्क असल्याने डायलवर ४० दाखवलं तर प्रत्यक्षात २० असतात. आपल्या रेघा आहेत, डायलची गरजच नाही.

चिमटा डाव्या वायरीवर. १,५००, ३,०००, ४,००० आणि क्षणभर ५,५०० आरपीएमला रेघ कुठे दिसते ते कागदावर लिहा. मग उजव्या वायरीवर तेच. लिहून ठेवलेले हे आठ आकडे म्हणजे तुमच्या किटचा हरवलेला कागद. ज्या आरपीएमला खूण सर्वांत पुढे जाते, त्या आरपीएमला १.८ची रेघ टोकासमोर यायला हवी. प्लेट क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवली तर ॲडव्हान्स वाढतो. दुसरीकडे फिरवली तर कमी होतो. केंद्रापासून ४० मिमीवर प्लेटची कड ०.७ मिमी सरकली की एक अंश झाला. म्हणून स्क्रू ढिला करून हातोडीच्या दांड्याने ठोकू नका, अंगठ्याने ढकला. आरडीत रोटर थेट क्रँकवर असल्याने हा अंश क्रँकचाच. बुलेटवाले वाचत असतील तर त्यांच्याकडे डिस्ट्रिब्यूटर निम्म्या वेगाने फिरतो, तिथे प्लेट एक अंश हलवली की क्रँकवर दोन होतात.

डावं आणि उजवं यांत अर्ध्या अंशापर्यंत, म्हणजे ०.१ मिमी फरक चालतो. प्रत्येक सिलेंडरला वेगळा पिकअप असेल तर फरक सोडवता येतो. एकच पिकअप आणि रोटरला दोन दातरे असतील तर प्लेट फिरवून दोघंही एकदम सरकतात. मग जो पुढे आहे त्याला १.८वर ठेवायचं आणि दुसऱ्याला मागे राहू द्यायचं. उलट केलंत तर एक पिस्टन पणाला लावलात. फरक एका अंशाहून जास्त असेल तर दोष रोटरचा की क्रँकचा ते अंशाच्या चकतीवर दोन्ही पिस्टनची वरची टोकं मोजून कळतं. ती १८०ला नसतील तर दाबून बसवलेला क्रँक कधीतरी इंजिन सीझ झाल्यावर (पिस्टन अडकल्यावर) पिळलाय. टायमिंगने त्याचं काही होणार नाही.

थोडं मागे राहिलं तर काय होतं? खालची ओढ जरा मंद वाटते, पाइप जास्त तापतो, पेट्रोल थोडं जास्त जातं. थोडं पुढे राहिलं तर काय होतं ते तुमच्या प्लगवर दिसतंय. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून शंका आली तर मी नेहमी मागच्या बाजूला झुकतो.

चाचणीला नवे प्लग घाला, जुन्यांवरचा इतिहास वाचता येत नाही. इंजिन नीट तापल्यावर मोकळ्या, सुरक्षित चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दहा-बारा सेकंद पूर्ण थ्रॉटल. त्याच क्षणी क्लच दाबून इग्निशन बंद, गाडी बाजूला. प्लग काढून बाहेरच्या पत्रीवर बघा: उष्णतेने रंग बदललेला पट्टा तिच्या वळणाच्या मध्यावर असावा. तो पट्टा खाली आट्यांजवळ गेला असेल तर अजून ॲडव्हान्स जास्त आहे. टोकाकडेच थांबला असेल तर कमी. आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या बुडाशी कॉफीच्या रंगाचं कडं हवं. ते नसेल तर जेट छोटा. पट्ट्याचा विषय टायमिंगचा आणि कड्याचा विषय पेट्रोलचा, दोन्ही एकदम बदलू नका. चढाला कुठेही तो खिळ्यांचा आवाज आला तर थ्रॉटल लगेच सोडा, चाचणी तिथेच संपली.

१.८वर आवाज नाही, प्लग स्वच्छ, दोन्ही बाजू सारख्या, आणि तरीही खालची ओढ कमी वाटते, तर अर्धा अंश पुढे, म्हणजे १.९ करून पाहा. स्टॉक गाडीला २.०च्या पुढे जायचं कारण नाही.

शेवटी प्लेट आणि केसिंग यांच्यावरून मिळून एक रेघ टोकदार खिळ्याने ओढून ठेवा आणि स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर टाका. आरडी थरथरते. पाचशे किलोमीटर झाल्यावर कव्हर काढून रेघ जुळते का आणि पिकअपची फट तेवढीच आहे का बघा. रेघ सरकली असेल तर फक्त प्लेट जागेवर आणून भागणार नाही, स्ट्रोब पुन्हा लावा.